तांदळाच्या डब्यातला बॅकअप

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आधीच सांगून टाकते. आनंद झाला तरी ओरडते, राग आला तरी ओरडते, आणि दोन्ही वेळा नको ते करून बसते. माय म्हणते, "ह्या चेडवाच्या जिभेक हाड नाय." बरोबर आहे तिचं. त्या तीन दिवसांत जो काही गोंधळ झाला तो माझ्या ह्याच गुणामुळे झाला. तेव्हा मात्र मी सोडून जगातल्या प्रत्येकाला दोष देऊन झाला.

मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळत होते. कागदावर लॅब सहायक. प्रत्यक्षात ज्याला ज्याला प्लग आहे ते सगळं माझ्या गळ्यात. प्रिंटर अडला, बोलवा तिला. प्राचार्यांच्या मोबाइलमधला फोटो उलटा झाला, बोलवा तिला. त्या वर्षी मीच डोक्यात घेतलं की नर्सिंगच्या ऑनलाइन प्रवेश परीक्षेचं केंद्र आपल्याकडे आणायचं. तोवर आमच्या मुलींना घाट चढून कोल्हापूर गाठावं लागायचं. वैभववाडीच्या मुलींना ते त्यातल्या त्यात जवळ, पण किनाऱ्यावरच्यांनी काय करायचं? आदल्या दिवशी निघा, कुणाकडे तरी राहा, पहाटे उठून केंद्र शोधा. अर्ध्याजणींच्या घरचे तिथेच नाही म्हणायचे.

त्यातलीच एक आमच्या शिपाईमावशीची लेक. मावशी मसुऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतली, घरी भात आणि काजू, आणि कॉलेजच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. लेक हुशार. नर्स व्हायचं म्हणून दोन वर्षं मान मोडून अभ्यास करत होती. बाप मात्र एका वाक्यावर अडून बसलेला: "घाटार एकटी धाडूचंय नाय." ह्या वर्षी परीक्षा नाही झाली तर पुढच्या वर्षी लग्न, हेही घरात ठरलेलं. केंद्र मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून मावशी झाडू मारता मारता रोज विचारायची, "बाय, परीक्षा हयसरच होतली मां?"

"होतली गो मावशी. मी आसंय मां!"

असा मी शब्द देऊन बसले होते.

परीक्षेवाल्यांची एक अट कडक होती. परीक्षेचे संगणक कॉलेजच्या बाकीच्या संगणकांपासून वेगळे पडले पाहिजेत. त्यासाठी नवा स्विच आला. भिंतीवरचा दिव्याचा नव्हे, चोवीस भोकांची चपटी लोखंडी पेटी. एकेका भोकात एकेका संगणकाची वायर, आणि कुणी कुणाशी बोलायचं, कुणी कुणाचं तोंडही बघायचं नाही, हे सगळं आत लिहून ठेवायचं. ह्या लिहिण्याला कॉन्फिग म्हणतात. ते मला येत होतं का? कुठलं! पुण्याहून त्यांचा इंजिनियर फोनवर सांगायचा आणि मी काळ्या पडद्यावर टाइप करायची. "मॅडम, एंटर. नाही नाही, मध्ये जागा सोडायची होती. परत पहिल्यापासून." असे तीन दिवस. शनिवारी दुपारी शेवटच्या संगणकाचा दिवा हिरवा झाला आणि माझ्या अंगात आलं म्हणा ना.

"मॅडम, आता कॉन्फिगचा बॅकअप घेऊन ठेवा," इंजिनियर म्हणाला. घेतला. सगळ्या ओळी एका फायलीत उतरवल्या आणि फाइल पेन ड्राइव्हवर टाकली. लॅबच्या संगणकांवर ठेवण्यात अर्थ नव्हता. ते बंद केले की आपोआप कोरे होतात, तशी सोयच केलेली, नाहीतर पोरं त्यांत गेम भरून ठेवतात. "आणि स्विचच्या आतही सेव्ह मारा, एकच ओळ आहे, नाहीतर वीज गेली की…"

पुढचं मी ऐकलंच नाही. फोन टेबलावर टाकून मी मावशीचे दोन्ही हात धरले होते आणि आम्ही लॅबभर फुगडी घालत होतो. "सोड गो! माका चक्कर येता!" मावशी ओरडत होती आणि हसत होती. मी दमून फोन उचलला, "हो सर, झालं, झालं, थँक्यू, थँक्यू," म्हटलं आणि कापला. ती एक ओळ लिहायची राहिली ती राहिलीच.

आता पेन ड्राइव्हचं. आमच्याकडे खाऱ्या हवेने वर्षभरात कुलूपसुद्धा गंजतं. म्हणून माझ्या जपायच्या वस्तू मी तांदळाच्या डब्यात ठेवते, तांदूळ ओल ओढून घेतात. कानातली तिथे, घड्याळ तिथे, एकदा पावसात भिजलेला मोबाइल तिथेच बरा झालेला. पेन ड्राइव्ह मी डब्यात पार तळाशी खुपसला आणि मायला काही बोलले नाही. बोलायचं काय त्यात, डबा कुठे पळून जाणार होता?

त्या संध्याकाळी गडगडायला लागलं. मे महिन्यात डोंगराकडून असा आवाज आला की आमच्याकडे प्रत्येक घरात तीच धांदल उडते. टीव्हीचा प्लग काढ, फ्रिजचा काढ, पंखे बंद, डिशची वायर उपटून खिडकीबाहेर फेक. शाळेत जायच्या आधी आम्ही हे शिकतो. मी आणि माय घरभर धावत होतो. एक वीज तर अशी कडाडली की मायने छातीवर क्रूसाची खूण केली आणि कुत्रा माझ्या मांडीवर चढला. एवढे प्लग उपटताना कॉलेजचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. इतकी मी हवेत होते.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून थेट कॉलेजात गेले, शेवटची एक नजर टाकायला. मावशी सुट्टीच्या दिवशीही आलेली. लॅब लख्ख झाडलेली, स्विचच्या कपाटावर दोन जास्वंदी. मी गुणगुणत संगणक लावले. एकाचंही नेट नाही. केबल काढल्या, घातल्या. काळा पडदा उघडून स्विचच्या आत बघितलं तर दुकानातून आला तेव्हाचा कोरा करकरीत. तीन दिवसांतली एक ओळ जागेवर नव्हती.

"मावशी! ह्या कोणी काय केला?"

"काय नाय गो बाय. काल वीज मारी होती, म्हणून सगळे प्लग काडलंय. सकाळी परत घातलंय, जसे होते तसे." मग कौतुकाने यूपीएसकडे बोट दाखवलं. "आणि तो डबो टिट टिट करून ओरडाक लागलो. मगे तेचा पण बटण दाबलंय. गप झालो."

तो डबा ओरडत होता तो मुळी स्विचला जिवंत ठेवायलाच ओरडत होता. वीज गेली की त्याच्या बॅटरीवर स्विच चालावा, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. "तुका कोणी सांगितलेला हात लावूक?" इथून सुरुवात झाली. "अडाणी" हा शब्दही तोंडातून गेला. शेवटी म्हणाले, "उद्या परीक्षा नाय झाली तर तुज्याच चेडवाचा वाटोळा. तुज्या हातान केलंस तू." मावशीने कमरेच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, पदर नीट केला आणि निघून गेली. खरं तर ती एक ओळ मी लिहिली असती तर प्लग काढा नाहीतर स्विच विहिरीत टाका, कॉन्फिग गेलं नसतं. विहिरीचं जरा जास्त झालं, पण प्लगचं खरं. मला ते त्या क्षणी ठाऊक होतं. तरी मी बोलले.

इंजिनियरचा फोन बंद. तेवढ्यात प्राचार्यांचा आला, "सगळं ओके ना?" मी म्हटलं, "एकदम ओके, सर." आणि स्कूटर काढली. पेन ड्राइव्ह होता ना! अर्ध्या तासात सगळं परत घालते, असं स्वतःला सांगत मी गाणं म्हणत घरी गेले, स्वयंपाकघरात शिरले, डबा उघडला. डबा धुऊन पालथा घातलेला.

"माय! तांदूळ खंय?"

"ते लग्नघराक दिलंय मां सकाळी. कित्या?"

आमच्या वाडीत रीत आहे. कुणाकडेही लग्न असलं की प्रत्येक घरातून पायलीभर तांदूळ जातात, आणि लग्नाच्या जेवणात सगळ्या घरांचा दाणा एकत्र शिजतो. मायने डबाच्या डबा लग्नघरच्या पोत्यात उपडा केला होता. माझी कानातली आणि घड्याळ तेवढी कपाळाला हात लावून आधी बाजूला काढलेली, कारण ती तिला वर दिसली.

लग्नघर चार घरं सोडून. त्या संध्याकाळी नवऱ्या मुलाचा रोस होता, म्हणजे आमच्या हळदीसारखं, फक्त हळदीऐवजी नारळाचं दूध. मांडवात पंधरा बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. मी कुणाला न विचारता पोत्यात कोपरापर्यंत हात घातले. "गो गो गो, काय करतंस?" एकच गिल्ला. मी सांगितलं. पंधराही जणी आधी पोट धरून हसल्या. मग एकीला आठवलं, "तो काळो बारको? गावलो तो सकाळीच! आमका वाटला डीजेचो. तेका दिलो."

डीजे म्हणजे माझ्या मायचा मामेभाऊ, माझा मामा. वय पन्नास, केस काळे कुळकुळीत रंगवलेले, सावलीतही काळा चष्मा. पेन ड्राइव्ह त्याच्या स्पीकरच्या पेटीत खोचलेला होता आणि त्यातून गाणं वाजत होतं.

"मामा, आत एक फाइल होती."

"होती. उघडलंय तर नुसती इंग्लिश अक्षरां. वाजता काय म्हणून बगलंय, वाजना नाय."

"मगे? पुसलंस?"

मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. माझा जीव तिथे टांगणीला आणि ह्याचं सावकाश चाललेलं. "पुसूक गेलंय," तो म्हणाला. मी मटकन खुर्चीवर बसले. "पण जागा बरीच होती. मगे रवंदे म्हटलंय. गाणी बाजूक घातलंय."

मी उठून मामाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बायका परत हसायला लागल्या. पण पेन ड्राइव्ह द्यायला गडी तयार होईना. रोसाची सगळी गाणी त्यातच. "हो गेलो तर न्हवरो सुको रवतलो!" शेवटी तहाची कलमं ठरली. पेन ड्राइव्ह मामाच्या खिशात, मामा माझ्या स्कूटरवर, आणि पाचच्या आत दोघं परत.

लॅबमध्ये मामा शेजारी खुर्ची ओढून बसला. मी फाइल उघडली. दोनशे रोसाच्या गाण्यांच्या मधोमध आमचं कॉन्फिग सुखरूप बसलं होतं. सगळ्या ओळी उचलल्या, काळ्या पडद्यात ओतल्या, आणि त्या भराभर वर पळायला लागल्या. मी हात जोडून बघत होते. कपाटात एक दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग एकदम सगळे. मग मी ती राहिलेली ओळ लिहिली. एकदा लिहिली, एंटर मारलं, खात्री म्हणून परत लिहिली, परत मारलं. मामा म्हणाला, "काय गो, तिसऱ्यांदा पण घाल, देवाच्या नावान." घातली.

त्यानंतर मामाने पेन ड्राइव्ह लॅबच्या स्पीकरला लावला आणि आम्ही दोघं संगणकांच्या रांगांमधून नाचलो. मला नाचता येत नाही, मामाला येतं. प्राचार्यांच्या खोलीतून कुणी बघितलं असतं तर दोघांची रवानगी झाली असती.

निघताना म्हटलं, वरच्या मजल्यावर लायब्ररीत जुना स्विच आहे, तो एकदा बघून येते. काही बिनसलं तर परीक्षेला तोच राखीव होता. दार उघडलं आणि जळका वास नाकात घुसला. जुन्या स्विचची पुढची बाजू काळी पडलेली, एक वायर वितळून भिंतीला चिकटलेली. खिडकीबाहेर आवारातल्या माडाचा शेंडा करपून लोंबत होता. शनिवारची ती कडाडलेली वीज आमच्या आवारातच पडली होती. लायब्ररीचा प्लग तेवढा राहिला होता, कारण मावशीचे गुडघे दुखतात आणि ती जिना चढत नाही.

मामा मागून आला, वाकून बघितलं. "आवशीक खाव! आणि खालचो कसो वाचलो?"

कॉन्फिगला माझ्याकडे पेन ड्राइव्ह होता. त्या पेटीला दुसरी पेटी नव्हती, आणि सोमवारच्या आत ती कुठून मिळणारही नव्हती. मावशीने प्लग काढला नसता तर मी पेन ड्राइव्ह घेऊन जळक्या लोखंडापुढे उभी राहिले असते. तिथेच तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी रोसाला गेले, नारळाच्या दुधाने मामाच्या केसांचा रंग उतरवला, खिदळले, पण दर गाण्यानंतर बाजूला जाऊन फोन लावत होते. तिने उचलला नाही.

सोमवारी दुपारी परीक्षा. नांदगावहून, वैभववाडीहून मुली रिक्षा, एसटी, बापांच्या मोटारसायकली धरून आल्या. मावशीची लेक तेल लावून घट्ट दोन वेण्या घालून आलेली, आणि मावशी तिच्या मागे. मी धावत गेले. "मावशी…"

"मॅडम, पाणी भरून ठेवलंय," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मॅडम! चार वर्षं मी तिची बाय होते. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

परीक्षा सुरू झाली. सगळे दिवे हिरवे. दोन तास मी स्विचच्या कपाटासमोर स्टुलावर बसून एकेक दिवा मोजत होते. शेवटचा अर्धा तास राहिला आणि डोंगराकडून गडगडायला लागलं. मी खिडकीकडे बघितलं. आभाळ शाईसारखं झालेलं. प्राचार्य घाम पुसत आले. "काय करायचं? प्लग काढले तर परीक्षा गेली, ठेवले तर…"

विचार करायला माझ्याकडे फार वेळ नव्हता. लॅबला परीक्षेपुरता मोठा इन्व्हर्टर लावला होता, स्विचला त्याचा यूपीएस होता, आणि बाहेरून येणारी नेटची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. म्हणजे कॉलेजचं मेन पाडलं की सगळं बॅटरीवर चालेल आणि भिंतीतून काही आत शिरणार नाही. चालायला हवं. आधी कधी करून बघितलं नव्हतं.

मावशी दारात उभी होती. आत येत नव्हती. कशालाही हात लागू नये म्हणून तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतलेले. मेनची पेटी तिच्या खांद्याशी होती.

"मावशी, मेन पाड गो!"

"नको मॅडम. मी हात लावूचंय नाय."

बाहेर लखलखलं. मी स्टुलावरून उठले आणि प्राचार्यांसमोर, कॉरिडॉरमधल्या सगळ्या बापांसमोर, माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चुकलंय गो मावशी! सेव्ह करूचा मीच विसारलंय. तू प्लग काडलंस म्हणून हो स्विच जितो आसा. वरचो जळान गेलो, तेचो तेवडो तू काडूक नाय होतंस. मी तुका नको नको ता बोललंय. आता पाड गो, तुज्या चेडवाचो पेपर आसा थंय!"

मावशीने माझ्याकडे बघितलं. पदरातून हात काढला, पदरालाच पुसला आणि खटका खाली ओढला. पंखे थांबले. लॅबमधून कीबोर्डचा आवाज तसाच येत राहिला. स्विचचे दिवे हिरवेच. आणि यूपीएस ओरडायला लागला, टिट, टिट, टिट.

सवयीने मावशीचं बोट त्याच्या बटणाकडे गेलं. बोट तिथेच थांबलं. तिने हात मागे घेतला आणि त्या डब्याकडे डोळे वटारून बघत उभी राहिली. त्यानंतर आवारात काय काय कडाडलं ते मला नीट आठवत नाही. आम्ही दोघी त्या टिट टिटच्या दोन्ही बाजूंना उभ्या होतो आणि मध्येच मला हसू यायला लागलं, तिलाही यायला लागलं, आणि प्राचार्य आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होते.

मुली एकेक करून बाहेर आल्या. सर्वांत शेवटी तिची लेक आली. "आये, सगळो लिवलंय," म्हणाली आणि पाण्याकडे पळाली. यूपीएस अजून ओरडतच होता.

"बाय," मावशी म्हणाली, "आता हेका गप करू?"

"कर गो. आता सगळा आत सेव्ह आसा."

तिने बटण दाबलं.

"गप झालो," ती म्हणाली.